पद्मिनीच्या पुढच्या सीटा बदलल्या त्याच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२३

गाडी १९८४ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. वडिलांनी ती अनेक वर्षे नंबर लावून मिळवली आणि तेव्हापासून ती घरातच आहे. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा हँडगिअर आणि पुढे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पसरलेली सलग बाकासारखी सीट, असे तिचे रूप आजही आहे. इंजिन चांगले चालते आणि पत्राही बरा आहे. तक्रार माझ्या कमरेची आहे. पुण्याहून वाईला निघालो की शिरवळ येईपर्यंत कंबर भरून येते आणि खंबाटकीच्या वळणांवर रेक्झिनवरून घसरू नये म्हणून मी नकळत स्टीअरिंगलाच धरून बसतो. डॉक्टरांनी गाडी बंद करा असे सांगितले नाही, पण सीट बदला असे मात्र स्पष्ट सांगितले.

काम सुरू करण्यापूर्वी स्वतःला एक अट घातली आहे. गाडीच्या सांगाड्याला नवे भोक पाडायचे नाही, काही कापायचे नाही आणि वेल्डिंगही करायचे नाही. मूळ सीट तासाभरात परत बसवता आली पाहिजे. या अटीमागे केवळ भावना नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची जी तरतूद आली, तीत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी अपेक्षित आहे. माझी गाडी पन्नाशीला २०३४ साली पोहोचेल. तोवर माझी कंबर थांबणार नाही, पण गाडीचा हक्कही माझ्या कमरेपायी घालवायचा नाही.

५ ऑक्टोबर

जुनी सीट बाहेर काढून उलटी केली. खालून स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, त्यावर काथ्याची गादी, मग फोमचा पातळ थर आणि वर रेक्झिन, अशी तिची रचना आहे. गोणपाट चालकाच्या बाजूला फाटले असून काथ्या स्प्रिंगांत उतरला आहे. त्यामुळे माझी बाजू शेजारच्या बाजूपेक्षा जवळजवळ एक इंच खाली बसते, म्हणजे गेली कित्येक वर्षे मी तिरका बसून गाडी चालवत होतो.

प्रामाणिकपणे लिहायचे तर नवे गोणपाट आणि चांगला फोम घालून अर्धे दुखणे बरे झाले असते. कुशनवाल्यांनी तेच सुचवले. परंतु उरलेले अर्धे दुखणे सीटच्या आकारात आहे. पाठीचा भाग खांद्याच्या पात्यांपर्यंतच येतो, मान टेकायला काही नाही, कमरेच्या पोकळीत आधार नाही आणि बाजूंना कड नाही. मागून कोणी धडकले तर डोके मागे फेकले जाईल आणि त्याला अडवणारे काहीच नाही, हा विचार आतापर्यंत मनात आला नव्हता. आता आला आहे आणि जात नाही.

८ ऑक्टोबर

आजचा दिवस फक्त मापांत गेला, आणि तो वाया गेला असे वाटत नाही. सीट मऊ की कडक हे हाताने दाबून कळते, परंतु आराम मुख्यतः बसल्यावर खुबा कुठे येतो यावर ठरतो, हे आधी वाचले होते आणि आज टेपने पाहिले. जुनी सीट परत ठेवून, तीवर दहा मिनिटे बसून, मुलाकडून मापे घेतली. जमिनीपासून खुब्याच्या हाडापर्यंत २६५ मिमी, मांडी आणि स्टीअरिंगचा खालचा काठ यांत ११० मिमी, डोके आणि छत यांत ९५ मिमी. गाडीचे स्टीअरिंग मोठे आणि बरेच आडवे असल्यामुळे वर उठण्याची मुभा फारशी नाही. सीट जास्तीत जास्त चाळीस मिलिमीटर उंच होऊ शकते. त्यापुढे क्लच दाबताना गुडघा स्टीअरिंगला लागेल.

दुसरे महत्त्वाचे माप आडवे आहे. पद्मिनीची बाहेरून रुंदी साधारण १४६० मिमी. आत मधोमध प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, जमिनीतून वर आलेला बोगदा आहे आणि दोन्ही दारांवर काच फिरवण्याच्या मुठी पुढे आलेल्या आहेत. म्हणजे प्रत्येक सीटला जेमतेम ५०० मिमी मिळतात. आजकालच्या सेडानच्या बाजूंनी फुगलेल्या सीटा इथे बसणार नाहीत.

१४ ऑक्टोबर

कुर्ल्याला जाऊन आलो. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली आणि आता तिच्यासाठी सीट शोधायला कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवरच्या भंगाराच्या दुकानांत फिरावे लागले, याची गंमत वाटली. पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारातही पाहिले होते, पण निवड इथे अधिक आहे.

तीन सीटांचा विचार केला. पहिली वॅगन-आरची होती. पाठीला ती उत्तम, पण ती गाडीच उंच आणि तिच्यात माणूस खुर्चीवर बसावा तसा बसतो. तिची बैठक माझ्या चाळीस मिलिमीटरांत कधीच मावली नसती. दुसरी एका अलीकडच्या सेडानची होती आणि तिचा स्पर्श अगदी सोफ्यासारखा होता. ती मोजली तर ५६० मिमी भरली, शिवाय पाठीच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली आणि खाली पिवळा कनेक्टर लोंबत होता. असली सीट कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. तिच्या आत स्फोटक भरलेले असते आणि भंगारात तिला कोणी कसे हाताळले आहे हे कळायला मार्ग नाही.

तिसरी मारुती झेनची, आणि तीच घेतली. हा निर्णय मी सीटकडे पाहून नव्हे तर गाडीकडे पाहून केला. झेनची रुंदी १४९५ मिमी, म्हणजे जवळजवळ पद्मिनीएवढीच, आणि झेनमध्ये माणूस जमिनीलगत बसतो हे ती चालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जिच्या पोटात आपल्याएवढीच जागा होती, तिची सीट आपल्याकडे बसण्याची शक्यता अधिक. जोडी घेताना गादी वर करून पुराच्या पाण्याचे डाग पाहिले, पाठ मागेपुढे करून रिक्लायनरच्या दात्यांत ढिलाई आहे का ते तपासले आणि दोन्ही सीटा सपाट फरशीवर ठेवून त्यांचे पाय समपातळीत टेकतात की नाही ते पाहिले. एक जोडी लंगडत होती. ती बहुधा अपघाती गाडीची असावी. दुसरी घेतली.

२४ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा पुढच्या सीटेशिवायच झाली. आईने आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अरे, हिचं पोट रिकामं केलंस की तू." झेंडू स्टीअरिंगला बांधला.

२९ ऑक्टोबर

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. म्हणून उद्यापासून मुंबईच्या रस्त्यावर काळीपिवळी पद्मिनी दिसणार नाही. आज दिवसभर त्याचीच चर्चा होती. मला मात्र त्या टॅक्सीवाल्यांच्या सीटा आठवत राहिल्या. याच बाकावर ते रोज दहा-बारा तास बसत आणि पाठीशी मण्यांची जाळी, खाली दुमडलेला टॉवेल, कमरेशी उशी असा आपापला बंदोबस्त करत. माझ्या महिन्याभराच्या उद्योगाचे सार त्या टॉवेलात होते.

आज झेनची सीट पहिल्यांदा गाडीत ठेवली. तिचे पाय झेनच्या जमिनीच्या चढउतारांप्रमाणे दाबून बनवलेले आहेत, त्यामुळे पद्मिनीच्या जमिनीवर ती नुसती ठेवली तरी डुगडुगते. खाली लाकडी ठोकळे लावून बसलो तेव्हा खुब्याची उंची ३५० मिमी भरली, मांडी आणि स्टीअरिंग यांत २५ मिमी उरले आणि डोके व छत यांच्यामध्ये एक बोट मावले. हे पाय कापावेच लागतील. कापायचे ते सीटचे. गाडीचे काही कापायचे नाही, ही अट शाबूत आहे.

५ नोव्हेंबर

खरी अडचण अशी की जुन्या सलग सीटेला माझ्या गाडीत जमिनीवर चारच ठिकाणी बोल्ट आहेत, तर दोन स्वतंत्र सीटांना आठ जागा लागतात. बोगद्याजवळच्या चार जागा गाडीत नाहीतच. सोपा उपाय म्हणजे तिथे भोके पाडणे. तो अटीत बसत नाही. म्हणून बोगद्यावरून पलीकडे जाणारी एकच आडवी फ्रेम करायची, ती मूळ चार भोकांत मूळ मापाच्याच पण ८.८ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या, बोल्टांनी बसवायची आणि दोन्ही सीटा तिच्यावर बसवायच्या, असे ठरले. ४० बाय २० मिमीचा, दोन मिमी जाडीचा पाइप आडवा झोपवून वापरला, म्हणजे उंची वीस मिमीच वाढते. बोल्ट येतात तिथे पाच मिमीच्या पट्ट्या वेल्ड केल्या. पाइपला भोक पाडून सरळ बोल्ट आवळला तर पाइप दबतो, हे फॅब्रिकेटरला दोनदा सांगावे लागले.

फ्रेम गाडीबाहेरच वेल्ड करवली. गालिचा, जुना काथ्या आणि पेट्रोलची गाडी यांच्या शेजारी ठिणग्या उडू देणे शहाणपणाचे नाही.

१९ नोव्हेंबर

दिवाळीमुळे काम थांबले होते. फ्रेम हाती आली आणि ती वाकडी निघाली. एका बाजूचे सगळे वेल्ड आधी, मग दुसऱ्या बाजूचे, असे सरळसोट काम झाल्यामुळे उष्णतेने फ्रेम ओढली गेली आणि एक कोपरा सहा मिमी वर आला. डोळ्यांना ते दिसत नव्हते. सीट फ्रेमवर आवळली तेव्हा मात्र ती मागे-पुढे सरकेनाशी झाली. बोल्ट ढिले केले की लोण्यासारखी सरकायची आणि आवळले की जाम. सीटचे दोन रेल एकमेकांना समांतर आणि एका पातळीत नसले की असेच होते. दोष स्लायडरचा नसतो, खालच्या बैठकीचा असतो. मी मात्र आधी स्लायडरला ग्रीस लावत तास घालवला.

वॉशर घालून कोपरा भरून काढता आला असता, आणि दुकानदाराचा आग्रहही तोच होता. मी फ्रेम कापून पुन्हा करायला लावली. या खेपेस सीटचे चारही रेल आधी बोल्टने फ्रेमवर बसवले, सगळीकडे फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारले, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने थोडे थोडे वेल्ड केले आणि पूर्ण थंड होईपर्यंत रेल काढले नाहीत. आता दोन्ही सीटा एका बोटाने सरकतात. दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे पैसे कोणी द्यायचे यावर जी बोलाचाली झाली ती नोंदवण्यासारखी नाही.

२६ नोव्हेंबर

सलग सीटेचा एक गुण ती काढल्यावर कळला. तिच्यावर माणूस हवा तिथे सरकून बसतो. शरीर आपसूक स्टीअरिंगसमोर येते. झेनसारखी बकेट सीट, म्हणजे एकाच माणसाची, बाजूंना कड असलेली सीट, मात्र माणसाला एका जागी खिळवते आणि ती जागा चुकली तर कंबर कायमची पिळलेली राहते. स्टीअरिंगच्या मध्यातून ओळंबा सोडला तेव्हा चालकाची सीट बोगद्याच्या बाजूला २० मिमी सरकलेली आढळली. दाराकडे सरकवावी तर काचेची मूठ कडेला घासते. शेवटी १५ मिमी सरकवली आणि पाच मिमी सोडून दिले.

पाय कापून त्यांच्या जागी सपाट पट्ट्या लावल्यावर खुबा ३०० मिमीवर आला, स्टीअरिंगपाशी ७५ मिमी मिळाले. परंतु अर्धा तास बसल्यावर मी पुढे घसरतो असे जाणवले. झेनच्या जमिनीचा कल हिशेबात धरून तिच्या पायांना जो उतार दिलेला होता, तो मी पायांबरोबर कापून टाकला होता. पुढच्या दोन बोल्टांखाली १८ मिमीची नळकांडी घातली, बैठक मागे कलली आणि मांडीला गुडघ्याजवळपर्यंत आधार मिळाला. या साऱ्या कामात आरामाचा सर्वांत मोठा फरक या अठरा मिलिमीटरांनी पडला आहे. नवा फोम, नवे कापड, सगळे त्याच्या नंतर.

३ डिसेंबर

अट मोडली. तीही पूर्ण शुद्धीत मोडली, म्हणून कारण लिहून ठेवतो.

गाडीला सीटबेल्ट नव्हते. झेनमध्ये बेल्टचे कुलूप सीटच्याच सांगाड्यावर असते, म्हणजे धडकेच्या वेळी माणसाचा भार सीट, रेल आणि बोल्ट यांतून जमिनीत जातो. झेनची जमीन त्या हिशेबाने बांधलेली आहे. माझी घरगुती फ्रेम तशी नाही, आणि तिच्या भरवशावर मी कोणाला बांधणार नाही. बेल्टचा भार थेट गाडीच्या पत्र्यात गेला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक बाजूला तीन, अशी सहा भोके लागतात: बोगद्याशेजारी एक, दारापाशी खाली एक आणि मधल्या खांबावर खांद्याच्या उंचीला एक. प्रत्येक भोकामागे तीन मिमी जाडीची, कोपरे गोल केलेली पट्टी आणि ७/१६ इंची बारीक आट्यांचा बेल्टचाच बोल्ट वापरला. खांब आतून पोकळ आहे. नट वेल्ड केलेली पट्टी तारेला बांधून वरच्या फटीतून आत उतरवली आणि चिमट्याने जागी धरली. हे एकट्याने होण्यासारखे काम नाही.

भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून ब्रेकची नळी कुठून जाते ते खडूने आखून घेतले. कडांना रेड ऑक्साइड, खालून अंडरकोट. बेल्ट नवे कोरे घेतले. भंगारातला बेल्ट एकदा धडकेत ताणला गेला असेल तर ते पाहून समजत नाही. पट्टा गुंडाळून घेणारा रिट्रॅक्टर ओळंब्यात उभा बसवावा लागतो, नाहीतर पट्टा ओढताच अडकतो. त्यात पुन्हा एक संध्याकाळ गेली.

आरसी बुकात आसनक्षमता पाच आहे आणि पुढे दोन, मागे तीन असा हिशेब तसाच राहतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे गाडीतल्या फेरफारांविषयीचे कलम ५२ वाचून हे काम त्याच्या आड येत नाही असे माझे मत झाले आहे, तरी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी गाडी दाखवताना मूळ सीटचे फोटो बरोबर ठेवणार आहे.

१७ डिसेंबर

कुशनवाल्यांकडून सीटा परत आल्या. झेनचे करडे कापड काढून मागच्या सीटेसारखेच मरून रेक्झिन, उभ्या शिवणींच्या पट्ट्या आणि क्रीम रंगाची पायपिंग लावून घेतली. जिथे अंग टेकते तिथे मात्र रेक्झिनऐवजी त्याच रंगाचे जाड कापड घातले आहे, कारण एप्रिलमध्ये शर्ट पाठीला चिकटतो तेव्हा मूळ रूपाचे कौतुक राहत नाही. फोम झेनचाच ठेवला. फक्त चालकाच्या बैठकीत ४० डेन्सिटीचा एक पातळ थर वाढवला. बाहेरून पाहणाऱ्याला डोके टेकायच्या उशा सोडल्या तर फारसे काही वेगळे दिसत नाही.

३० डिसेंबर

वाईला जाऊन आलो. चालक म्हणून तक्रार नाही. शिरवळला थांबलो ते चहासाठी, कमरेसाठी नव्हे. खंबाटकीच्या वळणांवर पहिल्यांदाच हात स्टीअरिंग फिरवण्यासाठी मोकळे होते. डाव्या पोटरीला परतताना थोडा ताण जाणवला. तो त्या राहिलेल्या पाच मिलिमीटरांचा असावा.

आईची तक्रार मात्र आहे आणि ती रास्त आहे. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि लुगडे नेसते. जुन्या सीटेवर ती आधी काठावर टेकायची आणि मग रेक्झिनवरून आत सरकायची. जे रेक्झिन मला वळणावर घसरवत होते तेच तिला गाडीत नेत होते. आता बाहेरची कड तिच्या मांडीला अडते आणि कापडाला लुगडे धरून बसते. वाईला उतरताना तिला दोघांनी हात द्यावा लागला. शिवाय मधली जागा गेली. "माझी पिशवी कुठे ठेवायची आता?" हा तिचा प्रश्न मी आखलेल्या एकाही कागदावर नव्हता. मागे बसलेल्या बहिणीने गुडघे लागतात असे सांगितले. बकेट सीटची पाठ जाड असल्याने तिथे चाळीसेक मिमी कमी झाले आहेत आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही.

२१ जानेवारी २०२४

शेजारच्या सीटची दाराकडची कड उसवून आतला फोम २५ मिमी तासला आणि त्या बाजूला कापडाऐवजी पुन्हा रेक्झिन लावले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाताना आई एकटी बसली आणि एकटी उतरली. दोन सीटांमध्ये, बोगद्यावरच्या फ्रेमच्या पाइपावर, प्लायचा तळ आणि तीन बोटे उंच कडा असलेला एक खोका अडकवला आहे. त्यात पिशवी उभी राहते.

पाचशे किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासले. फ्रेमचे चार जागेवर होते, बेल्टच्या एका बोल्टने पाव वळसा घेतला. मूळ सीट नवे गोणपाट लावून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. तिचे चार बोल्ट बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि डब्यावर गाडीचा नंबर लिहिला आहे.